उंदीर लाजवायचं यंत्र

ज्या माणसाशी मी आयुष्यात समोरासमोर एक शब्द बोलले नाही, त्याच्याइतकं माझं दुसऱ्या कोणाशीही जमलं नाही. यात माझे यजमान आले, माझी सख्खी बहीण आली आणि रागावू नये, पण देवही आला. हा माणूस म्हणजे माझे थोरले दीर. त्या काळी आमच्या घरात थोरल्या दिरासमोर धाकट्या भावजयीने डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून दाराआड व्हायचं अशी रीत होती. बोलणं तर सोडाच, सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. मी पुण्याच्या पेठेतली, सातवी पास, तोंडाचा पट्टा सुरू झाला की बापाला आवरत नसे, आणि पडले नेमकी महाळुंग्याच्या शेतकरी घरात. शेती महाळुंग्याला, बिऱ्हाड चिंचवडला. आमच्या ह्यांना पिंपरीच्या माळावर नव्यानं उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात नोकरी, थोरल्या भाऊजींना देहूरोडच्या बाजूला लष्कराच्या डेपोत. आणि माझ्या नि भाऊजींच्या मध्ये सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणे. भाऊजींकडे काही काम निघालं की मी आत्याबाईंना सांगायचं, आत्याबाईंनी भाऊजींना, आणि उलट टपाल त्याच वाटेनं यायचं. आता हे टपाल जसंच्या तसं पोचतं तर काय हवं होतं! मी म्हणायची, भाऊजींना सांगा, रॉकेल संपत आलंय. आत्याबाई बाहेरच्या खोलीत जाऊन सांगायच्या, ती म्हणती, एवढा कंदील जाळून तू वाचतोस तरी काय. भाऊजी बिचारे म्हणायचे, उद्या आणतो. आणि मला निरोप मिळायचा, गप बस म्हणतोय.

भाऊजी उंच, हडकुळे, गळ्यात तुळशीची माळ आणि कानावर स्क्रू-ड्रायव्हर. लोक विडी ठेवतात तिथं ते स्क्रू-ड्रायव्हर ठेवायचे, आणि मग घरभर तोच शोधत फिरायचे. डेपोत ते बिघडलेले टेलिफोन दुरुस्त करत. घरी येऊन विश्रांती म्हणून काय करावं, तर भंगारात घेतलेले टेलिफोन दुरुस्त करत. त्यांचा सदरा धुवायला टाकायचा म्हणजे आधी खिशातून स्क्रू, वायसर, तारेची वेटोळी आणि देवळातला शिळा बुक्का बाहेर काढावा लागे. घरात तेव्हा वीज नव्हती, ती चिंचवडात घरोघर येणार येणार एवढंच ऐकत होतो, पण सेलांची रास भाऊजींच्या खोलीत कायम. सेल जिवंत आहे की मेला हे ते जिभेनं सांगायचे. दोन तारा जिभेला लावायच्या, डोळे मिटायचे आणि सांगायचं की अजून आठ-पंधरा दिवस काढील म्हातारा. हीच सवय जेवणातही होती. आमटीचा भुरका घेतला की डोळे मिटून ते ताटाला सांगायचे, "आज जरा सेल उतरलाय." दाराआडून मी ते ऐकायची आणि मुकाट्यानं मीठ वाढून पाठवायची. बरं, त्यांचं चुकायचं कधी नाही, हाच तर माझा राग होता.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. केलं नव्हतं म्हणण्यापेक्षा राहून गेलं. आत्याबाई सांगायच्या, चाकणला एक मुलगी पाहायला नेलं होतं. मुलगी पोह्यांची ताटली घेऊन आली, बसली, उठली, आत गेली, तरी भाऊजींची नजर भिंतीवर. भिंतीवर लंबकाचं घड्याळ होतं आणि ते मागं पडत होतं. मुलीच्या बापाची परवानगी घेऊन भाऊजींनी ते खाली उतरवलं, पाटावर सुटं केलं, आणि दिवेलागणीपर्यंत पुन्हा जोडून भिंतीला लावलं. घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, पोरगी कशी हाय? तर म्हणाले, "लंबकाची पट्टी वाकली व्हती. सरळ केली." मुलीचा बाप पुढे दोन-तीनदा आमच्याकडे येऊन गेला म्हणे, पण दर वेळी शेजारपाजारची घड्याळं घेऊन. मुलगी यथावकाश राजगुरुनगरच्या बाजूला पडली. तिच्या सासरचं घड्याळही पुढे दुरुस्तीला आमच्याकडेच आलं, इतका घरोबा झाला.

अशा माणसाच्या घरात मी खानावळ काढली. आमच्या ह्यांचा पगार असा काही नव्हता की घरात चार ताटं सुखानं वाढली जावीत आणि महाळुंग्यालाही काही जावं. कारखान्यात तर जिल्ह्याजिल्ह्यातली सडी पोरं भरली होती, कोणी परभणीचा, कोणी चिपळूणचा. खोल्या घेऊन राहायची आणि मिळेल ते गिळायची. मी ह्यांना म्हटलं, आणा चार जणांना जेवायला. चाराचे आठ झाले. त्यांना मेंबर म्हणायचं. आत्याबाईंना आधी ते मुळीच रुचलं नाही, पाटलाच्या घरची सून पैसे घेऊन भाकरी वाढती, लोक काय म्हणतील म्हणाल्या. पण मेंबर पहिला घास घेऊन "आय गं, घरची आठवण आली" म्हणाले की त्याच पदर डोळ्याला लावायच्या आणि आणखी भाकरी वाढायच्या. मला मात्र त्या खानावळीचं वेड लागलं होतं. लग्नानंतर माझं असं, मी सुरू केलेलं, माझ्या हातानं चाललेलं ते एकच होतं. चूल पेटली की मला मी राणी वाटायची.

आणि माझ्या राज्यात उंदीर झाले. झाले म्हणजे काय, आमच्याकडे धान्य वाढलं तसे तेही वाढले. ज्वारीच्या पिंपाशी, तांदळाच्या डब्याशी, पिठाच्या पत्र्याशी, जिकडे बघावं तिकडे त्यांचा वावर. झाकणावर पाटा ठेवला तर खालून कुरतडायचे. आणि एक दिवस व्हायचं तेच झालं. परभणीकडचा एक फिटर होता, सगळ्या मेंबरांचा पुढारी, अंगानं आडवा आणि जिभेनं सरळ. त्याच्या भातात लेंडी निघाली. त्यानं आरडाओरडा केला नाही, ताट नुसतं बाजूला सारलं आणि हात धुऊन दारापाशी आला. म्हणाला, "ताई, एकडाव सोसलं. पुन्यांदा निघाली तर आमी समदे जण कोपऱ्यावरच्या खानावळीत जाणार. तुमच्या हाताला चव हाय, पण जीव बी हाय की आमाला." मी आत जाऊन भिंतीला टेकून बसले. मेंबर गेले की खानावळ गेली, आणि खानावळ गेली की मी पुन्हा नुसती दाराआडची धाकटी. त्या दिवशी मला आमटीला फोडणी द्यायचं सुचेना.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं, उद्याच्या उद्या उंदराचं औषध आणा. आत्याबाईंनी ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. चिंचवडसारख्या गणपतीच्या गावात राहायचं आणि गणपतीच्या वाहनाला विष घालायचं म्हणजे काय! मग मी म्हटलं, मांजर पाळू. यावर बाहेरच्या खोलीतून, कधी नव्हे ते मोठ्या आवाजात, उत्तर आलं. भाऊजी भिंतीला सांगत होते, "मांजर पाळणं म्हंजी दुसऱ्याकडनं खून करवणं. माळेला दोनी सारखंच." म्हणजे विष नाही, मांजर नाही. आणि उंदीर? तर म्हणे मी बघतो.

बघतो म्हणजे त्यांनी पिंजरा आणला. त्यात भाकरीचा तुकडा लावायचा आणि सापडलेला उंदीर सकाळी सायकलच्या हँडलला पिंजऱ्यासकट टांगून पवनेच्या पलीकडे थेरगावच्या शेतात सोडून यायचा, डेपोत जायच्या आधी. जाताना ते त्याची समजूत घालायचे म्हणे, बाबा, तिकडं ज्वारी मोप हाय, हिकडं पुन्यांदा येऊ नको. माझा मात्र ठाम समज होता की संध्याकाळपर्यंत तेच उंदीर परत येतात, कारण एकाचं शेपूट तुटलेलं होतं आणि तसला मला पुन्हा दिसला होता. भाऊजींनी आत्याबाईंकरवी निरोप पाठवला की तुटक्या शेपटाचे उंदीर जगात पुष्कळ असतात. हा वाद मिटायच्या आत थेरगावहून दोन म्हातारे पागोटी बांधून आमच्या दारात आले. त्यांनी चहा घेतला, पाऊसपाण्याचं विचारलं, आणि मग हळूच आत्याबाईंना म्हणाले की पाटलीणबाई, तुमचा थोरला रोज आमच्या बांधावर उंदीर सोडतो, आता आमच्याकडं तुमची पोरं-बाळं एवढी झाली की सोयरीक करायची वेळ आली. आत्याबाईंना तोंड लपवायला जागा पुरेना. भाऊजींनी म्हाताऱ्यांचे पाय धरले आणि थेरगाव सोडलं. पण उंदीर सोडायचे थांबवले नाहीत. त्यांनी विचार केला की उंदराला हात न लावणारी वस्ती कोणती, आणि त्यांच्या मते ती एकच होती. दर एकादशीला ते देहूला जात असतच. आता सायकलच्या हँडलला पिंजरा टांगून जायला लागले. पंधरवडाभर साठवलेले उंदीर तोवर त्यांच्या खोलीत भाकरी खात बसायचे. आमच्या ह्यांना याचा फार अभिमान. म्हणायचे, आपल्या घरातले उंदीरसुद्धा देहू करून येतात.

पण मला एकादशीपर्यंत थांबायला वेळ नव्हता. फिटर रोज भात चिवडून खात होता, आणि त्याचं बघून बाकीचेही चिवडायला लागले होते. मी एक दिवस आत्याबाईंना बजावून सांगितलं, आता काही केलं नाहीत तर मी औषध आणीन, पाप मला लागू दे. हा निरोप मात्र आत्याबाईंनी शब्दन्‌शब्द पोचवला असावा. भाऊजी त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खोलीतून ठोकाठोकी ऐकू यायला लागली. आत्याबाई जाऊन पाहून आल्या आणि म्हणाल्या, तो उंदरांना लाजवायचं यंत्र करतोय.

भाऊजींचं म्हणणं असं, की उंदीर काही वाईट नाही, त्याला फक्त कोणी कधी अडवलेलं नाही. मारलं तर तो मरतो आणि शिकत नाही. थोडा झटका द्यावा, असा की दुखू नये पण लाज वाटावी. जगात कोणाचा असा अपमान झाला की तो पुन्हा त्या दाराला जात नाही, तसंच उंदराचं. हे मला पटलं नाही, पण त्यांना स्वतःवरून ठाऊक असावं. पहिलं यंत्र म्हणजे भंगारातला एक लष्करी टेलिफोन, त्याला दांडा होता. दांडा फिरवला की तारेला बारीकसा झटका बसायचा. तारा पिंपाभोवती गुंडाळल्या आणि भाऊजी दांडा धरून बसले. पण उंदीर आला हे कळणार कसं? खुडबुड ऐकू आली की ते दांडा फिरवायचे, तोवर उंदीर पसार. एकदाच काय तो नेम बरोबर लागला, आणि तेव्हा पिंपाशी आमचे हे होते. पहिल्या शिफ्टला जायच्या आधी पाणी प्यायला उठलेले. ह्यांनी भावाला पुढे आठवडाभर फक्त 'हो' आणि 'नाही' एवढंच म्हटलं.

मग दुसरं यंत्र. त्याच टेलिफोनातली एक गुंडाळी, चार सेल आणि एक लाकडी पेटी. डालड्याचे डबे फाडून पत्र्याच्या दोन-दोन पट्ट्या काढल्या, मध्ये बोटभर जागा ठेवून फळीवर ठोकल्या आणि फळ्या धान्याभोवती चौकोनात मांडल्या. उंदराचा एक पाय या पट्टीवर आणि एक त्या पट्टीवर पडला की झटका. पेटीवर एक कळ, निजताना दाबून खिट्टीत अडकवून चालू करायची, सकाळी सोडून बंद. चालू असली की ती गुर्र गुर्र करायची. कोणी तरी त्यांना म्हणालं की स्टेशनाकडे खांबावर वीज आली आहे, तिकडूनच तार आणा की, एका दमात काम होईल. भाऊजी चक्क रागावले. म्हणाले, तारेवरची वीज वाघ हाय, सेलातली शेळी. उंदरासाठी वाघ सोडायचा नसतो. आणि शेळी असली तरी प्रत्येक फळीवर त्यांनी आधी स्वतःचं बोट ठेवून पाहिलं. पाहिलं म्हणजे आठ-आठदा पाहिलं. डोळे मिटायचे आणि म्हणायचे, ही जरा तिखट लागती. मग पेटीतला एक सेल कमी.

इतकं सारं झाल्यावर उंदीर त्या पट्ट्यांवरून चालत आले, पिंपावर चढले आणि जेवून गेले. जाताना फळीवर लेंड्या टाकून गेले. भाऊजी खिन्न झाले. आणि मला, खरं सांगते, माझ्या खानावळीपेक्षा त्यांचंच वाईट वाटलं. एवढ्या लांब हडकुळ्या माणसाचं तोंड एवढंसं झालं होतं.

एके सकाळी ते कळ बंद करायला विसरून डेपोत गेले. मी आपली स्वयंपाकघर सारवत होते. हात ओले, पाय ओले, आणि मागं सरकताना पाऊल पडलं ते फळीवर. अशी झिणझिणी आली की शेणाची बादली कलंडली. पण रोज पहाटे, कळ बंद व्हायच्या आत, मी त्या फळ्यांवरून सुक्या पायानं येत-जात होते, तेव्हा कधी काही लागलं नव्हतं. बसल्याजागी माझ्या डोक्यात उजेड पडला. आता हे भाऊजींना सांगायचं कसं? आत्याबाईंना सांगावं तर निरोप जाणार की ती म्हणती, तुझ्या यंत्रानं शेण सांडलं. आत्याबाई त्या संध्याकाळी देवळात गेल्या होत्या. भाऊजी येऊन ओसरीवर पाणी पीत होते. मी दाराआड उभी राहिले, आतल्या माठाकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हटलं, अरे माठा, तुझ्याखालचं ओलं पोतं जर त्या फळ्यांपुढे अंथरलं, तर येणाऱ्याचे पाय ओले होतील. आणि ओल्या पायाला ती वीज लागते, सुक्याला नाही. बाहेर पाण्याचा घोट मध्येच थांबला. मग ओसरीवरून माझ्याकडे पाठ करून भाऊजी तुळशीला म्हणाले, "तुळशीबाई, माठाला म्हनावं, डोकं हाय त्याला."

ओलं पोतं अंथरलं. त्या दिवसापासून धान्याभोवती अधूनमधून एक बारीक चीं ऐकू यायची आणि पाठोपाठ पळापळ. लेंड्या कमी झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. मी निवडलेले तांदूळ सुपात घेऊन उगाचच मेंबरांच्या समोरून न्यायची.

पण सुख सोसवेल तर शपथ. भाऊजींची कळ विसरायची खोड गेली नव्हती. एका रविवारी दुपारी पानं मांडलेली, आणि फिटर आपणच पाणी घ्यायला आत वळला. फळ्यांपुढचं पोतं ओलं, ह्याचे पाय नुकतेच धुतलेले. त्याचं पाऊल फळीवर पडलं आणि तो आडवा गडी उडी मारून थेट अंगणात. तिथं उभा राहून म्हणाला, "ताई, उंदीर परवडले. आमी हितं जेवाया येतो का मराया?" बाकीचे मेंबर पानांवरून उठले. आत्याबाईंनी तेवढ्यात तोंडाला पदर लावला आणि सुरू झाल्या, म्या म्हनलंच व्हतं, इजंनं मानूस मरतं. भाऊजी अंगणात आले, पेटी काखेत. त्यांनी ती ओट्यावर ठेवली आणि कधी नव्हे ते सगळ्यांसमोर बोलले, की ही शेळी आहे, वाघ नाही. सगळ्यांनी हाताला हात धरून साखळी करावी, वीज सगळ्यांतून जाऊ द्यावी. एकानंही जर म्हटलं की इजा झाली, तर ही पेटी आत्ताच्या आत्ता पवनेत. मेंबर एकमेकांकडे बघायला लागले. फिटर दाराकडे वळून म्हणाला, "ताई, तुमी धरता का? तुमी धरलं तर आमी धरतो. न्हाई तर चाललो."

मी नाही म्हटलं असतं तर माझी खानावळ त्या दुपारी, वाढलेल्या पानांसकट, कोपऱ्यावर गेली असती. आणि हो म्हणायचं तर हात कोणाचा धरायचा? आमचे हे ओव्हरटाइमला गेलेले. आत्याबाईंनी जाहीर केलेलं की त्या वाहत्या इजंला शिवणार नाहीत. मेंबर म्हणजे परके पुरुष. उरले थोरले दीर, ज्यांच्यासमोर मी कधी तोंडही दाखवलं नव्हतं. मी पदर पुढं ओढून बाहेर आले. ओट्यावरच्या एका तारेचं टोक डाव्या हातात घेतलं. उजव्या हातात आमटीची पितळी पळी होतीच, ती घेऊनच बाहेर आले होते. मी दांडा माझ्याकडे ठेवला आणि पळीचं तोंड पुढं केलं. भाऊजींनी खाली बघत ते धरलं. त्यांचा दुसरा हात फिटरनं, फिटरचा चिपळूणच्या पोरानं, असं करत शेवटच्यानं दुसरी तार घेतली. कळ दाबायची कोणी? आत्याबाईंनी. पण हातानं नाही, लाटण्याच्या टोकानं.

आत्याबाईंनी लाटणं टेकवलं आणि सगळी रांग एकदम डोलली. फिटर "आं" म्हणाला आणि थांबला. मग त्याला कळेना की पुढं काय म्हणावं, कारण दुखत काहीच नव्हतं. हातात मुंग्या, कोपरापर्यंत गुदगुल्या, एवढंच. पण आत्याबाईंना लाटणं उचलायचंही असतं हे सांगायला कोणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. त्या जोर लावून दाबून उभ्या. आणि हात सोडील तो भित्रा ठरेल म्हणून मेंबरांपैकी कोणी सोडेना. आठ धट्टीकट्टी माणसं रांगेनं थुईथुई नाचत होती. मला आधी खुदकन हसू आलं, मग आवरेना. थोरल्या दिरासमोर, परक्या माणसांसमोर, डोक्यावरचा पदर मागं पडेपर्यंत मी हसले. आणि तेव्हा भाऊजी पळीकडे बघत, पळीलाच म्हणाले, "लागलं का?" मी पण पळीलाच सांगितलं, लागलं, पण दुखलं नाही. भाऊजींच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी दाराआडून कधी पाहिलं नव्हतं. आत्याबाईंनी शेवटी लाटणं उचललं आणि म्हणाल्या, दोघं पळीशी काय बोलताय, आमटी गार व्हतीय.

मेंबर राहिले. फिटरनं त्या दिवशी भात चिवडला नाही, उलट आपल्या खोलीवरच्या लोकांना सांगून आणखी दोघे आणले, विजेच्या साखळीची गोष्ट ऐकून ते जेवायलाच नव्हे तर बघायलाही आले. माझी चूल मोठी करावी लागली. उंदीर म्हणाल तर ते खरंच लाजले. काही महिन्यांनी तर फळ्यांकडे फिरकतसुद्धा नव्हते. पण त्यातलं एक गुपित मेंबरांना शेवटपर्यंत कळलं नाही. सगळे जण दर जेवणाला पाणी घ्यायला येताना त्या फळ्यांवरून टांग टाकून, धोतर सावरून, सोवळ्यात असल्यासारखे जायचे, आणि पेटीत तेव्हा काहीच नव्हतं. भाऊजींनी सेल आणि गुंडाळी केव्हाच काढून घेतली होती. उंदीर शिकल्यावर सेल फुकट कशाला झिजवायचे, असं ते तुळशीला म्हणाले होते.

त्या सेलांची त्यांनी घंटी केली. बटण चुलीपाशी, घंटी त्यांच्या खोलीत. आजवर त्यांना जेवायला बोलवायचं म्हणजे मी पळी कढईवर आपटायची नाहीतर बांगड्या वाजवायच्या, आणि ते आपल्या टेलिफोनात डोकं घालून बसलेले असायचे. आत्याबाई घंटीवर भयंकर संतापल्या. बायकांनी घंटी वाजवून दिराला बोलवायचं, तो काय कचेरीतला शिपाई हाय व्हय? पण घंटी राहिली. एकदा वाजली की चहा, दोनदा वाजली की जेवण. हळूहळू आम्ही दोघं तिच्यावर बोलायला लागलो. मी रागात असले की लांबच लांब दाबायची. पाणी भरून हवं असलं की तुटक तुटक. उलट वाटेनं भाऊजींनी माझ्या बाजूला एक छोटी टकटकी लावून दिली होती, आमटी फिकी झाली की ती एकदा टक करायची. आमच्या ह्यांना वाटायचं उंदीर परत आले. फक्त एक खोड गेली नाही. पहिल्या घंटीला भाऊजी कधी उठले नाहीत. एक स्क्रू राहिलाय, एक तार राहिलीय, असं करत दुसऱ्या खेपेलाच यायचे, आणि आत्याबाई रोज म्हणायच्या, कान हायेत का पाट्या?

मग महाळुंग्याचे चुलतसासरे गेले. शेतावर कोणी तरी हवं होतं. आमच्या ह्यांची नोकरी, माझी खानावळ, म्हणून भाऊजीच निघाले, डेपो सोडून. बैलगाडीत त्यांचे टेलिफोन चढवले, पिंजरा चढवला. निघताना मी दाराआडून वाकून नमस्कार केला. ते ओट्यावर उभे राहून माठाला सांगत होते की घंटीत नवे सेल घातलेत, आणि तिकडं रानात उंदीर फार आहेत, पोतं ओलं ठेवायची युक्ती कामाला येईल. एवढ्या वर्षांत माठाशी ते इतकं कधी बोलले नव्हते. गाडी वळेपर्यंत आत्याबाई रस्त्यावर उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी मेंबरांची पानं मांडली, आमटीला कढ आला, मीठ मी दोनदा चाखलं. आणि हात आपसूक बटणावर गेला. दोनदा दाबलं. बाहेरच्या रिकाम्या खोलीत घंटी वाजली, आणि मग मला उमगलं की मी काय केलं. मी आत्याबाईंकडे बघितलं नाही. आता ओरडतील, ह्या घंटीशी त्यांचं कधी पटलं नव्हतं. त्या भाकरी थापत होत्या, थापायच्या थांबल्या. बाहेर मेंबर बोलत होते, पाणी घ्यायला येणारे फळ्यांवरून उड्या मारत होते. आत्याबाईंनी पिठाचा हात परातीला पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आनि एकदा वाजव. पयल्या घंटीला कधी उठलाय त्यो?"